जेरी मॅकॉले आणि वॉटर स्ट्रीटवरील घर

ज्या मनुष्यानें कालच दारू सोडली त्यानें आज रात्रीं निजावें कोठें? हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत क्वचितच विचारला जातो. एखाद्यानें भर सभेंत उभें राहून आपलें व्यसन कबूल केलें, प्रतिज्ञा घेतली, आणि चार वडिलांनीं त्याच्यासाठीं प्रार्थना केली, म्हणजे आपलें काम झालें असें आपणांस वाटतें. परंतु सभा सुटल्यावर तो ज्या वाटेनें घरीं जातो त्याच वाटेवर गुत्ता असतो. आणि काल ज्यांच्याबरोबर तो पीत होता तेच सोबती आजहि तेथें त्याची वाट पाहत बसलेले असतात. ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यानें आपल्या आयुष्यानें दिलें अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव जेरी मॅकॉले. तो पंडित नव्हता कीं दीक्षित पाळक नव्हता. तो नदीवरचा चोर होता, दारूबाज होता, आणि सात वर्षें तुरुंगांत राहिलेला कैदी होता.

जेरीचा जन्म १८३९ च्या सुमारास आयर्लंड देशांतील केरी परगण्यांत झाला. त्याचा बाप खोटीं नाणीं पाडणारा होता. कायद्याच्या भयानें तो घर सोडून पळून गेला, आणि मुलाचें संगोपन आजीकडे आलें. आजी आपल्या रोमन कॅथॉलिक पंथाप्रमाणें मोठी भाविक होती. परंतु पोर तिच्या हातीं राहिलें नाहीं. ती प्रार्थनेस बसली म्हणजे तो तिची थट्टा करी व तिला त्रास देई. शाळेचें तोंड त्यानें पाहिलें नाहीं. तेरा वर्षांचा झाला तेव्हां त्याला समुद्रापार अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं त्याच्या विवाहित बहिणीकडे पाठविण्यांत आलें. थोडे दिवस तो तेथें राहिला. पण लवकरच त्या घराचा धाक झुगारून देऊन तो वॉटर स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावर राहावयास गेला.

हा रस्ता ईस्ट रिव्हर नदीच्या धक्क्यांजवळ होता. खलाशांचीं निवासगृहें, दारूचे पिठे आणि नाचघरें ह्यांनीं तो भाग भरलेला होता. दिवसा पिणें व मारामाऱ्या करणें, आणि रात्रीं लहान होडींतून नांगरलेल्या गलबतांवर जाऊन हातीं येईल तें चोरणें, हा जेरीचा धंदा झाला. एकोणीस वर्षांचा असतां त्याच्यावर वाटमारीचा आरोप आला. हा एक गुन्हा आपण केला नव्हता असें तो पुढें नेहमीं सांगे; परंतु आपण ज्यांबद्दल पकडलेच गेलों नाहीं असे दुसरे गुन्हे पुष्कळ होते, हेंहि तो सांगे. १८५७ सालीं त्याला पंधरा वर्षांहून अधिक मुदतीची शिक्षा झाली, आणि हडसन नदीच्या तीरावरील सिंग सिंग येथील तुरुंगांत त्याची रवानगी झाली.

त्या तुरुंगांत कैद्यांनीं एकमेकांशीं बोलूं नये असा सक्त नियम होता. जेरीला गालिचे विणण्याचें काम शिकविण्यांत आलें. तेथेंच तो वाचावयास शिकला. अशीं कांहीं वर्षें गेल्यावर एका रविवारीं कैद्यांच्या उपासनेच्या वेळीं त्याला व्यासपीठावर एक ओळखीचा चेहरा दिसला. तो ऑरव्हिल गार्डनर होता. हा पूर्वीं पैजेच्या मुष्टियुद्धांत लढणारा असून त्याच्या दांडगेपणामुळें लोक त्याला भयंकर गार्डनर म्हणत. तो प्रभूकडे वळला होता. थोड्याच काळापूर्वीं आपणहि कैद्यांचे पट्ट्यांचे कपडे घालीत होतों, म्हणून ह्या उंच जागीं उभें राहण्यास आपण योग्य नाहीं, असें म्हणून तो खालीं कैद्यांमध्यें येऊन उभा राहिला, आणि रडत रडत त्यानें आपली साक्ष दिली. बोलतां बोलतां त्यानें पवित्र शास्त्रांतील एक वचन सांगितलें. जेरी आपल्या कोठडींत परत गेला व तें वचन शोधण्यासाठीं त्यानें कोपऱ्यांत धूळ खात पडलेलें पवित्र शास्त्र उघडलें. एक वचन शोधतां शोधतां तो पानांमागून पानें वाचूं लागला. पुष्कळ दिवस झगडा केल्यावर एका रात्रीं त्यानें कोठडीच्या जमिनीवर गुडघे टेकले, आणि आपल्याला क्षमा मिळाल्याची खातरी होईपर्यंत तो उठला नाहीं. पुढें तो आपल्या शेजारच्या कैद्यांनाहि हें सांगूं लागला, आणि त्यांतील कित्येक प्रार्थना करूं लागले.

१८६४ च्या मार्च महिन्याच्या ८ तारखेस त्याची उरलेली शिक्षा माफ होऊन तो सुटला. येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणीहि म्हणेल कीं, ह्या मनुष्याचें तारण झालें, आतां गोष्ट संपली. परंतु खरी गोष्ट येथूनच सुरू होते. आणि उपदेशक बंधूंनीं पुढील भागाकडे विशेष लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे.

जेरी तुरुंगाबाहेर पडला तेव्हां त्याच्यापाशीं विश्वास होता, पण घर नव्हतें. ह्या अफाट शहरांत त्याच्या ओळखीचा एकहि विश्वासणारा मनुष्य नव्हता. कोणत्या मंडळींत जावें, कोणाचें दार ठोठवावें, हें त्याला ठाऊक नव्हतें. आणि तुरुंगांतून सुटलेल्या मनुष्याची चौकशी करण्यासाठीं कोणी मंडळी दरवाजावर येऊन उभी राहिली नव्हती. राहावयास जागा पाहिजे म्हणून त्यानें विचारपूस केली, तेव्हां कोणी तरी त्याला एका घरीं नेऊन पोंचविलें. तें घर म्हणजे लागर नांवाच्या बिअरचा पिठा होता. जेरी तुरुंगांत गेला त्या वेळीं हें पेय त्याच्या माहितींत नव्हतें. तें निरुपद्रवी आहे, त्यापासून नशा येत नाहीं, असें त्याला सांगण्यांत आलें. त्यानें एक पेला घेतला. मग दुसऱ्या दिवशीं आणखी घेतले. थोड्याच काळांत तो पुन्हां पूर्वीच्या स्थितीला आला. पुढें आपल्या चरित्रांत त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, त्या दिवसांत आपल्याला एक जरी ख्रिस्ती मित्र मिळाला असता, तरी आपलीं दुःखाचीं कित्येक वर्षें वांचलीं असतीं.

तीं वर्षें खरोखरच वाईट गेलीं. अमेरिकेंत त्या वेळीं यादवी युद्ध चालू होतें, आणि सैन्यांत भरती होणारास रोख रक्कम मिळत असे. त्या भरतीच्या व्यवहारांत लबाडी करून जेरीनें पैसा मिळविला व तो पिण्यांत घालविला. युद्ध संपल्यावर पुन्हां रात्रींची होडी व चोरीचा माल सुरू झाला. एका रात्रीं दारूच्या धुंदींत तो नदींत पडला. प्रवाहानें त्याला ओढून नेलें, आणि तो बुडण्याच्या बेतांत असतांना कसाबसा वांचला. देवानें आपल्याला वांचविलें हें त्याला कळलें. तरीहि कांठावर आल्यावर तो पुन्हां प्यालाच. व्यसनाचें बळ किती असतें हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्याचें नवल वाटणार नाहीं.

१८६८ च्या सुमारास हेन्री लिटल नांवाचा एक शहर-मिशनरी त्या वस्तींत घरोघर फिरत असतां जेरी राहत होता त्या घरीं आला. जेरीचें रूप पाहून कोणीहि भ्यावें असें होतें. पण लिटल त्याच्याशीं बोलला, त्याला आपल्या ठिकाणीं घेऊन गेला आणि दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्याच्याकडून लिहून घेतली. घरीं परत आल्यावर जुना सोबती म्हणूं लागला कीं, पैसा नाहीं, खावयास नाहीं, तेव्हां आज रात्रीं नदीवर गेलेंच पाहिजे. लिटलला हें कळलें. तो स्वतः गरीब होता. त्याच्या अंगावरचा कोट झिजून पातळ झालेला होता. जेरीनें पुन्हां चोरी करण्यापेक्षां हा अंगावरचा कोट मी गहाण टाकीन, असें तो म्हणाला. जेरीनें त्या कोटाकडे पाहिलें. ह्या मनुष्याला आपली खरोखर काळजी आहे हें त्याला दिसलें, आणि त्या रात्रीं तो नदीवर गेला नाहीं. जें काम अनेक उपदेशांनीं झालें नसतें तें एका जुन्या कोटानें केलें.

तरी लगेच सर्व सुरळीत झालें असें नाहीं. प्रतिज्ञा घेतल्यानंतरहि जेरी एकदां नव्हे, अनेक वेळां पडला. काम सुटलें कीं पडे. जुना मित्र भेटला कीं पडे. अंगांत थकवा आला कीं पडे. परंतु आतां एक मोठा फरक झाला होता. पूर्वीं तो पडला तेव्हां त्याला उचलावयास कोणी नव्हतें. आतां लिटल व त्याचे मित्र त्याला शोधून काढीत, घरीं आणीत, जेवूं घालीत व पुन्हां कामास लावीत. तंबाखूची संवय दारूची तहान जागी ठेविते असा त्याचा स्वतःचा अनुभव होता. त्यानें तंबाखूहि सोडली, आणि त्यानंतर मात्र तो पुन्हां कधींहि प्याला नाहीं.

त्याची सोबतीण मराया हिचीहि गोष्ट अशीच आहे. तीं दोघें लग्नावांचून एकत्र राहत होतीं, आणि तीहि पीत असे. प्रभूकडे वळल्यावर हें राहणें योग्य नाहीं असें त्यांस वाटून तीं विभक्त झालीं. दोघांचीहि वर्तणूक सुधारल्यानंतर त्यांचें रीतसर लग्न झालें. पुढील सर्व कामांत जेरीच्या बरोबरीनें मराया उभी राहिली. आणि तिच्यावांचून तें घर चाललें नसतें हें निश्चित होय.

एके दिवशीं काम करीत व मनांत प्रार्थना करीत असतां जेरीला एक दृष्टांत झाल्यासारखें वाटलें. आपल्या जुन्या वस्तींत आपलें एक घर आहे, त्यांत स्नानाची जागा आहे, मळलेले व भुकेलेले लोक दारानें आंत येत आहेत, आपण त्यांस बाहेरून धुवीत आहों आणि प्रभु त्यांस आंतून धुवीत आहे, असें त्यानें पाहिलें. पहिल्यानें थोडे आले, मग शेंकडों, मग हजारों. तूं हें काम माझ्यासाठीं करशील काय, असें आपल्याला विचारलें जात आहे असें त्याला वाटलें, आणि त्यानें होकार दिला. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ज्या वस्तीनें त्याचा नाश केला होता तिच्यापासून दूर पळून सुखानें राहण्याचें स्वप्न त्याला पडलें नाहीं. त्याच वस्तींत परत जाऊन दार उघडण्याचें स्वप्न त्याला पडलें.

आल्फ्रेडरिक हॅच नांवाच्या एका श्रीमंत सराफाचें वॉटर स्ट्रीटवर ३१६ क्रमांकाचें घर होतें. तेथें पूर्वीं नाचघर चालत असे. हॅचनें तें घर ह्या कामासाठीं वापरावयास दिलें. जेरीनें ख्रिस्ती लोकांच्या मेळाव्यांत आपला हेतु सांगून कांहीं वर्गणी जमविली व तें घर साफ करून रंगविलें. १८७२ च्या आक्टोबर महिन्यांत तें उघडण्यांत आलें. पुरुषांसाठीं मदतीचा हात, अशा अर्थाचें नांव त्याला देण्यांत आलें. पुढच्याच महिन्यांत आभारप्रदर्शनाच्या सणाच्या दिवशीं मित्रांनीं पाठविलेल्या अन्नाचें जेवण वस्तींतील गरिबांस घालण्यांत आलें. जेवणानंतर सभा झाली. आणि ती इतकी चांगली झाली कीं, तेव्हांपासून दररोज रात्रीं सभा भरविण्याचें ठरलें.

हें घर कसें चाले तें सांगूं. तेथें येणारास तूं कोण, कोठला, किती पापें केलींस, हें पहिल्यानें विचारीत नसत. भुकेला असेल तर त्याला खावयास देत, आणि निजावयास जागा नसेल तर तेथेंच पडूं देत. रात्रीं सभा होई. तिच्यांत लांब भाषणें नसत. साक्ष देणारानें एका मिनिटांत आपलें बोलणें संपवावें असा जेरीचा नियम होता. कारण खऱ्या साक्षीला फार वेळ लागत नाहीं, आणि पोकळ बोलणाराला तो पुरत नाहीं. जे महिना किंवा वर्षभर दारूपासून दूर राहिले होते ते उभे राहत, आणि काल रात्रीं गटारांत पडलेला मनुष्य त्यांच्याकडे पाही. कालपर्यंत आपल्याच बांकावर बसणारा हा मनुष्य आज स्वच्छ कपड्यांत उभा आहे, हें पाहून त्याला आशा वाटे. हा उपदेश डोळ्यांनीं ऐकावयाचा होता.

वस्तींतील दारूवाल्यांस हें घर आवडलें नाहीं. त्यांनीं नाना प्रकारें त्रास दिला. दंगा करणारे सभेंत येत, तेव्हां जेरी स्वतः त्यांस धरून दाराबाहेर नेई. आंत येणाऱ्यांपैकीं कित्येक केवळ भाकरीसाठीं येत व पोट भरलें कीं निघून जात. जेरी हें जाणून होता. तरी फसविलें जाण्याच्या भीतीनें त्यानें दार लावून घेतलें नाहीं.

त्याचें सर्वांत मोठें वैशिष्ट्य हें कीं, पडलेल्या मनुष्याला तो पुन्हां घेई. पुष्कळ सज्जन लोक पहिल्या वेळीं दया करितात, दुसऱ्या वेळीं रागावतात, आणि तिसऱ्या वेळीं त्या मनुष्याचें नांव वहींतून खोडून टाकितात. जेरीला आपण स्वतः किती वेळां पडलों हें आठवत होतें, म्हणून त्याला मोजतां येईना. परंतु ह्याचा अर्थ तो पापाला हलकें समजे असा नव्हे. दारूचा एक घोटहि चालणार नाहीं, हें तो निक्षून सांगे. घोटाशीं त्यानें तडजोड केली नाहीं, आणि मनुष्याला त्यानें सोडलें नाहीं. हीं दोन्हीं एकत्र धरणें कठीण आहे. परंतु दोहोंपैकीं एक सुटलें कीं काम बिघडतें.

१८७६ सालीं जुनी इमारत पाडून तेथें नवी बांधण्यांत आली व संस्था कायद्याप्रमाणें नोंदविण्यांत आली. त्या घराचें बीज इतरत्रहि पडलें. मायकेल डन नांवाचा एक मनुष्य आयुष्याचा मोठा भाग तुरुंगांत काढून ह्या घरीं आला होता. त्यानें १८७९ सालीं सुटलेल्या कैद्यांसाठीं एक निराळें गृह काढलें. तेथें राहावयास जागा व हातास काम अशीं दोन्हीं मिळत. जेरी सुटला त्या दिवशीं जें घर त्याला पाहिजे होतें, तेंच हें घर होय.

१८८२ च्या जानेवारींत जेरी व मराया ह्यांनीं शहराच्या दुसऱ्या भागांत, ३२ व्या रस्त्यावर, क्रेमॉर्न मिशन नांवाचें दुसरें काम सुरू केलें. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें सॅम्युएल हॅडली नांवाचा एक मनुष्य तेथें आला. तो सुशिक्षित होता, पण दारूनें त्याचें सर्व गेलें होतें. दारू उतरतांना अंगास कंप सुटतो व भयंकर भास होतात. त्या यातना त्याला होत होत्या. एका पिठ्यांत बसला असतां त्यानें निश्चय केला कीं, यापुढें मेलों तरी पिणार नाहीं. आणि आपला आपल्यावर भरंवसा नाहीं म्हणून तो स्वतः पोलीस ठाण्यावर गेला व आपल्याला कोठडींत कोंडण्यास त्यानें सांगितलें. तेथून सुटल्यावर तो आपल्या भावाच्या घरीं गेला, आणि तेथें त्याची सर्व प्रकारें काळजी घेण्यांत आली. पुढच्या रविवारीं संध्याकाळीं तो जेरीच्या सभेला गेला. जेरीची साक्ष ऐकून त्यानें गुडघे टेकले, आणि त्या दिवसापासून तो पुन्हां प्याला नाहीं. हॅडलीचें मन त्या सभेंत फिरलें हें खरें. परंतु त्या सभेपर्यंत तो जिवंत व शुद्धीवर पोंचला तो एक कोठडी व एका भावाचें घर ह्यांच्या आधारानें, हेंहि तितकेंच खरें. १८८६ सालीं वॉटर स्ट्रीटच्या घराचा कारभार त्याच्याकडे आला, आणि १९०६ मध्यें तो मरण पावला तोंपर्यंत वीस वर्षें त्यानें तो चालविला.

जेरी फार दिवस जगला नाहीं. त्याला क्षयरोग झाला होता. १८८४ च्या सप्टेंबर महिन्याच्या १८ तारखेस, वयाच्या सुमारें पंचेचाळिसाव्या वर्षीं, तो प्रभूकडे गेला. ब्रॉडवे टॅबर्नॅकल ह्या मोठ्या मंदिरांत त्याची अंत्यविधीची उपासना झाली. मंदिर भरून गेलें व बाहेर रस्त्यावरहि लोकांची दाटी झाली. त्या गर्दींत थोर व्यापारी होते, तसेच वॉटर स्ट्रीटवरचे फाटक्या कपड्यांचे लोकहि होते.

त्याचें काम त्याच्याबरोबर संपलें नाहीं. हॅडलीची साक्ष विल्यम जेम्स ह्या प्रसिद्ध तत्त्ववेत्त्यानें १९०२ सालीं छापलेल्या आपल्या धर्मानुभवावरील ग्रंथांत घेतली. तोच ग्रंथ १९३४ च्या डिसेंबरमध्यें न्यूयॉर्कच्या एका इस्पितळांत दारू सोडण्यासाठीं निजलेल्या बिल विल्सन नांवाच्या मनुष्यानें वाचला. दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १९३५ सालीं, त्यानें एका डॉक्टराच्या सोबतीनें अल्कोहोलिक्स अनॉनिमस ह्या संघाचा पाया घातला. त्या संघाच्या सभा आज आपल्या महाराष्ट्रांतहि भरतात, व दारू सोडलेले लोक तेथें एकमेकांस आपला अनुभव सांगतात. वॉटर स्ट्रीटची संस्था पुढें न्यूयॉर्क सिटी रेस्क्यू मिशन ह्या नांवानें चालली, आणि २०१७ सालीं ती त्याच शहरांतील बावरी मिशनमध्यें विलीन झाली.

इस्पितळ किंवा तुरुंग आणि स्वतःचें घर ह्यांच्या मध्यें असणाऱ्या अशा निवासाला आतां हाफवे होम, म्हणजे अर्ध्या वाटेवरचें घर, म्हणतात. त्याचे नियम बहुतेक ठिकाणीं सारखेच असतात. दारू किंवा दुसरा अंमली पदार्थ मुळींच घ्यावयाचा नाहीं. रात्रीं ठरल्या वेळीं परत यावयाचें. स्वयंपाक व झाडलोट सर्वांनीं वांटून करावयाची. रोज सभेला बसावयाचें. आणि अंगांत शक्ति आली कीं कामधंदा शोधून आपल्या खर्चाचा वांटा उचलावयाचा. व्यसन सुटल्यावरचे पहिले कांहीं महिने फार धोक्याचे असतात, आणि पुष्कळ लोक त्याच काळांत पडतात. म्हणून मनुष्याला एकदम त्याच्या जुन्या संगतींत न सोडतां, थोडथोडी मोकळीक देत पुढें नेणें, हा ह्या घराचा हेतु असतो.

येथें एक सूचना देणें अवश्य आहे. जो मनुष्य पुष्कळ वर्षें रोज भरपूर पीत आला आहे त्यानें एकाएकीं दारू बंद केली, तर पहिल्या तीन-चार दिवसांत त्याला कंप, झटके व भ्रम होऊं शकतो, आणि त्यांत प्राणहि जाऊं शकतो. हें भूत नव्हे, अविश्वासाची शिक्षा नव्हे. तो शरीराचा विकार आहे व त्यावर औषध आहे. अशा मनुष्याला प्रार्थना करून घरांत कोंडून ठेवूं नये. त्याच्यासाठीं प्रार्थना करावी आणि त्याला विनाविलंब इस्पितळांत न्यावें.

आतां कोणी बंधु म्हणेल कीं, आमच्या खेड्यांतील मंडळी लहान, आमच्यापाशीं हॅचसारखा सराफ नाहीं, आम्ही घर कोठून बांधावें? परंतु प्रभूनें सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या दाखल्याकडे पाहा. त्या शोमरोन्यानें जखमी मनुष्याला तेल लावलें, जखमा बांधल्या, आणि मग त्याला त्याच रस्त्यावर सोडून तो पुढें गेला नाहीं. त्यानें त्याला आपल्या जनावरावर बसविलें व उतारशाळेंत नेलें. रात्रभर त्याची शुश्रूषा केली. दुसऱ्या दिवशीं तेथील रक्षकाला पैसे दिले. आणि आणखी खर्च लागल्यास परत येतांना तो देण्याचें वचन दिलें. आपण मंडळ्यांत तेल पुष्कळ लावितों. उतारशाळा मात्र विसरतों.

एका विश्वासू कुटुंबाच्या ओसरीवर एक घोंगडी टाकली, कीं उतारशाळेचा आरंभ होतो. नुकत्याच दारू सोडलेल्या मनुष्यानें कांहीं महिने कोणाच्या तरी नजरेखालीं राहावें. मजुरीचा दिवस व बाजारचा दिवस हे त्याच्या परीक्षेचे दिवस; त्या संध्याकाळीं दोघां बंधूंनीं त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जावें. लग्नकार्य व जत्रा ह्या वेळीं त्याला एकट्याला धाडूं नये. हातांत रोकड राहिल्यानें मोह होतो असें त्याला स्वतःला वाटत असेल, तर मजुरी त्याच्या संमतीनें त्याच्या बायकोच्या किंवा आईच्या हातीं द्यावी. त्याला काम द्यावें. कारण रिकामा बसलेला मनुष्य जुन्या वाटेनें जातो. त्याच्या बायकोपोरांचीहि विचारपूस करावी; त्यांनीं पुष्कळ सोसलेलें असतें, आणि त्यांचा विश्वास बसावयास त्याच्या साक्षीपेक्षां अधिक दिवस लागतात. आणि तो पडला तर मंडळीच्या सभेंत त्याची चर्चा करण्यापूर्वीं, त्याच रात्रीं, कोणी तरी कंदील घेऊन त्याला शोधावयास जावें.

जेरी मॅकॉले तुरुंगांतून सुटला तेव्हां न्यूयॉर्क शहरांत मंदिरें पुष्कळ होतीं, आणि त्यांत दर रविवारीं उपासनाहि होत होती. परंतु त्याला निजावयास जागा मिळाली ती दारूच्या पिठ्यांत. कारण त्या दिवशीं उघडें दार तेवढें तेंच त्याला सांपडलें. आपल्या गांवांतून पुढच्या वेळीं असा कोणी मनुष्य सुटून किंवा दारू सोडून परत येईल, तेव्हां त्या रात्रीं कोणाचें दार उघडें असेल, हें मंडळीच्या वडिलांनीं आजच बसून ठरवावें.